मोठ्या कागदाची परिभाषा : प्लॉटर व रुंद प्रिंटर समजून घेताना

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या ठिकाणी विकास प्रदर्शन भरले होते. प्रदर्शनातील एका दालनात गावठाणाच्या मोजणीची माहिती मांडली होती आणि नमुना म्हणून एका गावाचा मोठा नकाशा भिंतीवर लावला होता. नकाशाच्या कोपऱ्यात ‘प्रमाण १:५००’ असे ठळकपणे छापले होते. दुपारच्या वेळी त्याच गावचे एक वृद्ध शेतकरी नातवासह तेथे आले. बराच वेळ नकाशा न्याहाळल्यावर त्यांनी नातवाच्या दप्तरातील एक फुटी पट्टी काढून घेतली, आपले घर आणि मारुतीचे देऊळ यांमधील अंतर मोजले आणि ते मला म्हणाले, “साहेब, ह्या नकाशात माझं घर देवळाच्या जवळ सरकलंय. नळाची लाइन टाकली तेव्हा मीच उभा होतो. शंभर मीटर पाइप लागला होता. तुमची पट्टी सत्त्याण्णव सांगते.”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. १:५०० या प्रमाणात शंभर मीटरचे अंतर कागदावर २० सेंटिमीटर भरावयास हवे, ते १९.४ सेंटिमीटर भरत होते. मोजणी बरोबर होती, संगणकातील नकाशाही बरोबर होता. चूक झाली होती ती छपाईत. छापणाऱ्याने नकाशा कागदाच्या चौकटीत नीट बसावा म्हणून ‘फिट टू पेज’ हा पर्याय निवडला होता आणि संपूर्ण नकाशा तीन टक्क्यांनी आकसला होता. त्याला तरी दोष कसा द्यावा? मागणीपत्रावर माझी सही होती आणि त्यात मी एवढेच लिहिले होते की, ‘सोबतचा नकाशा मोठ्या आकारात छापून मिळावा.’ प्रमाण कायम राखावे, हे लिहिण्याचे मला सुचले नव्हते. सुचण्यासाठी लागणारे शब्दच माझ्याजवळ नव्हते.

तीन टक्के ही मोठी गोष्ट नव्हे, असे वाटण्याचा संभव आहे. म्हणून थोडा हिशेब करून पाहू. पन्नास मीटर लांब व चाळीस मीटर रुंद असा एक जमिनीचा तुकडा घेतला, तर त्याचे क्षेत्र २,००० चौरस मीटर, म्हणजे २० आर होते. तीन टक्क्यांनी आकसलेल्या नकाशावर त्याची लांबी ४८.५ मीटर व रुंदी ३८.८ मीटर भरेल आणि क्षेत्र १,८८२ चौरस मीटरच्या आसपास येईल. ११८ चौरस मीटर जमीन कागदावरून नाहीशी झाली. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. एका चुकीच्या कळीने एक गुंठ्याहून अधिक जमीन गेली. कायद्याने ती कोठेही जात नाही हे खरे, पण दोन भावांमध्ये अगर दोन शेजाऱ्यांमध्ये वाद पेटावयास एवढी ठिणगी पुरते.

२४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजना सुरू केली. गावठाणांचे ड्रोनच्या साहाय्याने सर्वेक्षण होऊन मोठ्या प्रमाणावरील नकाशे तयार होऊ लागले. पूर्वी नकाशा हा तालुक्याच्या कार्यालयातील कपाटात बंद असे, आता तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर येऊ लागला आहे. रस्त्याचे आराखडे, पाणलोट क्षेत्राचे नकाशे, शाळेच्या इमारतीचे आलेख हे सर्व मोठ्या कागदावर छापून घेण्याची पाळी आज सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक यांच्यावर येते. त्यांपैकी बहुतेक जण माझ्यासारखेच कला शाखेचे वा तत्सम शिक्षणाचे. त्यांच्या हाती ही परिभाषा असावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

नावांचा घोळ

पहिली अडचण नावांपासूनच सुरू होते. ‘प्रिंटर’ला मराठीत मुद्रक म्हणावे, तर मुद्रक हा शब्द आपल्याकडे माणसासाठी रूढ आहे. नियतकालिकाच्या शेवटी मुद्रक व प्रकाशक यांची नावे छापलेली असतात, तोच हा मुद्रक. ‘प्लॉटर’ला आरेखक म्हणावे, तर आरेखक हे नकाशे काढणाऱ्या कर्मचाऱ्याचे पदनाम आहे. यंत्रास आरेखक म्हटले तर आस्थापना शाखा त्याचे सेवापुस्तक मागेल! खेड्यात प्लॉटर हा शब्द उच्चारला की लोकांच्या मनात प्लॉट पाडून विकणारा उभा राहतो. तेव्हा या लेखात प्रिंटर व प्लॉटर हेच रुळलेले शब्द वापरलेले बरे.

या दोहोंत फरक कोणता? मुळात फरक मोठा होता. प्लॉटर हे रेघ ओढणारे यंत्र, तर प्रिंटर हे ठिपके उमटविणारे यंत्र. आज बाजारात ‘प्लॉटर’ म्हणून जे विकले जाते, ते जवळजवळ सर्वच वस्तुतः रुंद कागदावर शाईचे थेंब उडविणारे प्रिंटर होय. काम गेले, नाव राहिले. अपवाद एकच व तो आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. वाहनांच्या पाट्यांसाठी ‘रेडियम’ची अक्षरे कापून देणारी दुकाने असतात, तेथील यंत्र हे कटिंग प्लॉटर असते. त्यात पेनाच्या जागी बारीक पाते बसविलेले असते आणि ते आजही अक्षराच्या कडेने रेघ ओढावी तसेच फिरते. मात्र रेडियम या मूलद्रव्याशी त्या चकचकीत कागदाचा काही संबंध नाही.

‘लार्ज फॉरमॅट’ किंवा ‘वाइड फॉरमॅट’ म्हणजे रुंद कागदाचा. सामान्यतः २४ इंच वा त्याहून अधिक रुंदीचा कागद घेणाऱ्या यंत्रास हे विशेषण लावतात. कार्यालयांत २४, ३६ व ४४ इंची यंत्रे अधिक आढळतात. फ्लेक्सचे फलक छापणारी यंत्रे दहा फूट रुंदीचीही असतात.

पेनापासून थेंबापर्यंत

आजच्या अनेक संज्ञांचे मूळ जुन्या यंत्रांत असल्यामुळे त्यांच्याकडे थोडे वळून पाहणे उपयुक्त ठरेल. नकाशाच्या प्रती काढण्याची पहिली मोठी सोय छायाचित्रणातून आली. १८४२ मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने लोहाच्या क्षारांवर प्रकाशाची क्रिया घडवून निळी प्रत काढण्याची रीत शोधली. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा, हीच ‘ब्ल्यूप्रिंट’. पुढे अमोनियाच्या वाफेवर उमटणाऱ्या प्रती आल्या. पांढऱ्या कागदावर निळसर वा जांभळट रेघा आणि नाकाला झोंबणारा वास असे त्यांचे रूप. ज्यांनी नगररचना किंवा बांधकाम खात्यात काही वर्षे काढली आहेत, त्यांना तो वास अजून आठवत असेल. या दोन्ही रीतींचा एक गुण असा की, मूळ ट्रेसिंग कागदाला चिकटवूनच प्रत निघत असल्यामुळे ती मुळाएवढीच येई. प्रमाण बिघडविणारी कळच त्या यंत्रास नव्हती.

संगणकाने चालणारा प्लॉटर आला तो १९५९ मध्ये. अमेरिकेतील कॅलकॉम्प या कंपनीच्या ‘५६५’ या यंत्रात कागद एका ढोलावर पुढे-मागे फिरे व पेन आडवे सरके. दोन्ही हालचाली एका इंचाच्या शंभराव्या भागाएवढ्या पावलांनी होत. मिनिटास १८,००० पावले, म्हणजे सेकंदास तीन इंच हा त्याचा वेग. हा ‘ड्रम प्लॉटर’. ज्यात कागद मेजावर स्थिर ठेवून पेनच दोन्ही दिशांना फिरते, तो ‘फ्लॅटबेड’. सनमायका, काच वा फळीवर छपाई करणाऱ्या आजच्या यंत्रांसही फ्लॅटबेड म्हणतात, ते याच अर्थाने.

१९८० नंतर ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या पेन प्लॉटरांनी आरेखनाच्या क्षेत्रात जम बसविला. त्यांना आज्ञा देण्याची एक सुटसुटीत भाषा होती, तिचे नाव एचपीजीएल. ‘पीयू’ म्हणजे पेन उचल, ‘पीडी’ म्हणजे पेन टेकव, ‘एसपी’ म्हणजे अमुक क्रमांकाचे पेन घे. अंतराचे एकक मिलिमीटरचा चाळिसावा भाग. एखाद्या विद्यार्थ्यास भूमितीची आकृती काढण्यास सांगावे तशीच ही आज्ञावली होती. पेने वाळत, अडकत, एक नकाशा पुरा व्हावयास अर्धा तासही लागे. १९९१ मध्ये त्याच कंपनीने ‘डिझाइनजेट’ हा रुंद इंकजेट प्रिंटर बाजारात आणला. तो काळ्या शाईचाच होता, परंतु अवघ्या काही वर्षांत पेनांचे युग मावळले. एचपीजीएल भाषेची सुधारित आवृत्ती मात्र टिकून आहे. आजही यंत्राच्या माहितीपत्रकात तिचे नाव दिसते आणि अभियांत्रिकी आराखडे छापावयाचे असतील तर ते पाहून घेण्यासारखे असते.

रेघ आणि ठिपका

या विषयातील सर्वांत महत्त्वाची जोडी म्हणजे ‘व्हेक्टर’ व ‘रास्टर’. अंगणातील रांगोळीचे उदाहरण येथे चपखल बसते. एक रांगोळी ठिपक्यांची असते आणि एक मुक्तहस्त रेघांची असते. व्हेक्टर म्हणजे रेघांची रांगोळी : येथून तेथपर्यंत सरळ जा, तेथे वळ, एवढीच माहिती साठविलेली असते. ती आकृती कितीही मोठी केली तरी रेघ रेघच राहते. रास्टर म्हणजे ठिपक्यांची जाळी. छायाचित्र हे नेहमी रास्टर असते. ते मोठे केले की ठिपके मोठे होतात आणि चित्र फाटल्यासारखे, चौकोनी चौकोनी दिसू लागते.

रास्टर या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे आणि तेथे त्याचा अर्थ दाताळे असा आहे, हे मला कळले तेव्हा मोठी गंमत वाटली. दाताळे ओढले की मातीत समांतर ओळी उमटतात. इंकजेट यंत्राचे शीर्ष कागदावरून असेच ओळीमागून ओळ फिरते, वाफ्यामागून वाफा भिजवावा तसे. म्हणूनच व्हेक्टर नकाशा असला तरी छापण्यापूर्वी त्याचे ठिपक्यांत रूपांतर करावे लागते. हे काम करणाऱ्या आज्ञावलीस किंवा यंत्रास ‘रास्टर इमेज प्रोसेसर’ म्हणतात व दुकानात त्याचा उच्चार ‘रिप’ असा होतो. मोठी फाइल ‘रिप’ होण्यास वेळ लागतो, यंत्राची स्मृती कमी असेल तर नकाशाचा काही भाग गळूनही जातो. छापलेल्या नकाशात एखादा ओढा अर्ध्यातच संपलेला दिसला, तर ओढ्याकडे जाण्यापूर्वी यंत्राची स्मृती तपासावी.

येथेच मराठीची एक खास अडचण उभी राहते. आपण ज्या फॉन्टमध्ये गावांची नावे लिहिली, तो फॉन्ट छापणाऱ्याच्या संगणकात नसला तर जोडाक्षरे फुटतात, ऱ्हस्व इकार भलत्याच अक्षरापुढे जाऊन बसतो किंवा अक्षरांऐवजी रिकामे चौकोन उमटतात. यावर उपाय दोन. फाइल पीडीएफ स्वरूपात देताना फॉन्ट त्यातच अंतर्भूत करावा, म्हणजे ‘एम्बेड’ करावा, किंवा अक्षरांचे रेषाकृतींत रूपांतर करावे. छपाईच्या व्यवसायात यास ‘कर्व्ह करणे’ म्हणतात. कर्व्ह केल्यावर अक्षर हे चित्र होते, मग त्यात शुद्धलेखनाची दुरुस्ती करता येत नाही. तेव्हा मुद्रिते आधी वाचावीत व मगच कर्व्ह करावे. हा क्रम उलटल्यामुळे ‘शिरूर’ आणि ‘शिरुर’ यांवरून झालेला मनस्ताप मी भोगला आहे.

कागदाचे माप

‘ए’ मालिकेचे कागद आपण रोज हाताळतो, परंतु त्यामागील योजना फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. जर्मनीत १९२२ मध्ये ही मापे प्रमाणित झाली. ‘ए-शून्य’ कागदाचे क्षेत्र बरोबर एक चौरस मीटर, मापे ८४१ व १,१८९ मिलिमीटर. तो मध्यावर दुमडला की ए-१, तो दुमडला की ए-२, याप्रमाणे चार वेळा दुमडल्यावर आपला नेहमीचा ए-४ मिळतो. लांबी व रुंदी यांचे गुणोत्तर दोनाच्या वर्गमुळाएवढे, म्हणजे १.४१४ ठेवल्यामुळे प्रत्येक घडीनंतर आकाराची ठेवण तीच राहते.

यातील आणखी एक सौंदर्य आरेखकांनाच ठाऊक असते. आरेखनाच्या पेनांची प्रमाणित जाडी ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिलिमीटर अशी चढत जाते. प्रत्येक पायरी आधीच्या सुमारे १.४ पट. ए-१ वरील नकाशा ए-२ वर लहान केला की ०.५ ची रेघ आपोआप ०.३५ ची होते आणि त्याच जाडीच्या पेनाने तीत दुरुस्ती करता येते. कागद व लेखणी यांची सोयरीक इतक्या विचारपूर्वक जुळवलेली आहे.

परंतु रोल इंचांत येतात. ३६ इंची रोल म्हणजे ९१४ मिलिमीटर. त्यावर ८४१ मिलिमीटर रुंदीचा ए-शून्य सुखाने बसतो. २४ इंची म्हणजे ६१० मिलिमीटर. त्यावर ५९४ मिलिमीटरचा ए-१ कसाबसा बसतो. आता यंत्र कागदाच्या कडेपर्यंत छापू शकत नाही. काही मिलिमीटरांची पट्टी कोरी सोडावी लागते, तिला ‘मार्जिन’ म्हणतात. नकाशाची चौकट कडेला भिडलेली असली, तर यंत्रापुढे दोनच मार्ग उरतात : चौकट कापणे किंवा संपूर्ण नकाशा किंचित आकसविणे. आमच्या प्रदर्शनातील तीन टक्के येथूनच उगवले होते. म्हणून नकाशा तयार करतानाच चौकटीबाहेर पुरेशी कोरी जागा ठेवावी आणि छापताना ‘फिट टू पेज’ऐवजी ‘ॲक्च्युअल साइज’ किंवा ‘१०० टक्के’ हा पर्याय निवडण्यास सांगावे.

नकाशावर केवळ ‘१:५००’ असे अंकांत लिहून थांबू नये. त्याखाली रेखीय प्रमाणपट्टी काढावी. नकाशा आकसला की पट्टीही तेवढीच आकसते, त्यामुळे ती कधी खोटे बोलत नाही. अंक मात्र तसेच राहतात. अभियांत्रिकी आराखड्यांवर ‘लिहिलेली मापे ग्राह्य धरावीत, पट्टीने मोजू नये’ अशी सूचना असते, ती याच अनुभवातून आलेली आहे.

डीपीआयचे गारूड

यंत्राच्या जाहिरातीत सर्वांत ठळक अक्षरांत असतो तो डीपीआयचा आकडा. २,४०० गुणिले १,२०० असा काही आकडा वाचला की खरेदी समितीचे डोळे दिपतात. डीपीआय म्हणजे एका इंचात शाईचे किती ठिपके ठेवता येतात ती संख्या. चित्राच्या फाइलमधील एका इंचातील बिंदू, म्हणजे पीपीआय, ही वेगळी गोष्ट. छटा दाखविण्यासाठी चित्राच्या एका बिंदूच्या जागी शाईचे अनेक ठिपके कमीअधिक दाटीने मारावे लागतात. त्यामुळे दोन्ही संख्यांची बरोबरी करू नये.

चित्राला किती पीपीआय हवेत, हे ते किती अंतरावरून पाहिले जाणार यावर ठरते. हातात धरून वाचावयाच्या कागदास सुमारे ३०० लागतात. एक मीटरवरून पाहावयाच्या भित्तिपत्रकास ९० च्या आसपास पुरतात. तीन मीटरवरून ३० देखील चालतात. मोबाइलने काढलेल्या एक कोटी वीस लाख बिंदूंच्या छायाचित्राची लांब बाजू चार हजार बिंदूंची असते; ते ए-शून्यवर छापले तर इंचास सुमारे ८५ बिंदू येतात. प्रदर्शनाच्या भिंतीस ते उत्तम. तेच छायाचित्र संदेशांच्या ॲपवरून आकसून सोळाशे बिंदूंचे होऊन आले, तर इंचास अवघे ३४ उरतात आणि जवळ जाताच पाहुण्यांचे चेहरे पुसट होतात. मूळ फाइल मागवावी, हा साधा आग्रह धरल्याने अनेक समारंभांची लाज राखली जाईल.

परंतु नकाशाचा प्रश्न वेगळा आहे. नकाशात सुबकतेपेक्षा अचूकता मोठी आणि डीपीआयचा आकडा अचूकतेविषयी काहीही सांगत नाही. त्यासाठी माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत दडलेली ‘लाइन ॲक्युरसी’ ही ओळ शोधावी लागते. अनेक यंत्रांसाठी ती अधिक-उणे ०.१ टक्के अशी दिलेली असते. याचा अर्थ असा की, एक मीटर लांबीच्या रेघेत एक मिलिमीटरपर्यंत फरक पडू शकतो. १:५०० प्रमाणात तो जमिनीवर अर्धा मीटर होतो. बांधाच्या वादात अर्धा मीटर थोडा नव्हे. आणि ही हमीदेखील विशिष्ट कागद, विशिष्ट तापमान व आर्द्रता यांच्यापुरतीच असते. कागद पुढे सरकविणाऱ्या चाकांची गती कागदाच्या जाडीनुसार किंचित बदलते, म्हणून नवा रोल घातला की ‘कॅलिब्रेशन’ करावयाचे असते. ते न केल्यास एक तर अंतरे चुकतात, नाहीतर छपाईत आडवे फिकट पट्टे उमटतात. या पट्ट्यांना ‘बँडिंग’ म्हणतात.

आणखी एक बारकावा. आरेखनाच्या आज्ञावलीत रेघेची जाडी शून्य ठेवली तर यंत्र एकाच ठिपक्याएवढी रेघ काढते. ६०० डीपीआयच्या यंत्रावर ती जेमतेम ०.०४ मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ अदृश्य असते. पडद्यावर गटाची सीमा स्पष्ट दिसते आणि कागदावर ती नाहीशी होते. अशा वेळी यंत्र जितके भारी तितकी रेघ अधिक बारीक, असा उलटा न्याय अनुभवास येतो.

शाई आणि कागद

शाईचा थेंब उडविण्याच्या दोन रीती आहेत. एकीत सूक्ष्म छिद्रामागील शाई क्षणार्धात तापवून तिची वाफ करतात व त्या बुडबुड्याच्या धक्क्याने थेंब बाहेर पडतो. ही ‘थर्मल’ रीत. दुसरीत विजेने आकार बदलणाऱ्या स्फटिकाने शाईला पिचकारीसारखा दाब देतात. ही ‘पिझो’ रीत. थेंबाचे माप पिकोलिटरमध्ये सांगतात. एक लिटरचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे पिकोलिटर. या छिद्रांस ‘नोझल’ व त्यांच्या संचास ‘प्रिंटहेड’ म्हणतात. यंत्र दीर्घकाळ बंद राहिले की शाई नोझलमध्ये वाळते. आठवड्यातून एखादी रंगीत प्रत काढावी आणि यंत्र मुख्य बटणावरून बंद करू नये. उभे ठेवले तर ते अधूनमधून स्वतःची सफाई करून घेते. कित्येक कार्यालयांत मार्चअखेर घेतलेले यंत्र पावसाळ्यानंतर उघडले जाते, तेव्हा दुरुस्तीचा खर्च पाहून ते पुन्हा झाकले जाते.

शाईचे प्रकार मुख्यतः दोन : ‘डाय’ व ‘पिगमेंट’. डाय म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. तो चमकदार दिसतो, पण पावसाचा एक थेंब पडला की पसरतो आणि उन्हात लवकर विटतो. पिगमेंट म्हणजे द्रवात तरंगणारे रंगाचे सूक्ष्म कण. ते कागदावर बसून राहतात आणि पाणी व प्रकाश यांस अधिक तोंड देतात. शेतात नेऊन उघडावयाच्या, कार्यालयात वर्षानुवर्षे जपावयाच्या नकाशास पिगमेंटच हवी. काही यंत्रांत काळी शाई पिगमेंटची व रंगीत शाया डायच्या असतात. तेथे सीमारेषा काळ्या ठेवाव्यात हे ओघानेच आले. फ्लेक्ससाठी यांहून निराळ्या, द्रावकांत मिसळलेल्या ‘सॉल्व्हंट’ शाया लागतात. त्यांची वाफ आरोग्यास चांगली नसते, म्हणून ती यंत्रे मोकळ्या हवेच्या जागीच असावीत.

कागदाची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एक चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम या हिशेबात सांगतात. आराखड्यांस ८० ते ९० जीएसएमचा साधा बाँड कागद पुरतो; रंगांचे मोठे पट्टे असतील तर तो ओला होऊन सुरकुततो, तेथे लेप दिलेला ‘कोटेड’ कागद घ्यावा. मात्र कागद कोणताही असो, तो हवेतील ओल शोषून फुगतो आणि लांबीत व रुंदीत सारखा फुगत नाही. कोकणात जुलै महिन्यात मोजलेला नकाशा एप्रिलमधील मापाशी तंतोतंत जुळेल, अशी अपेक्षा करू नये. ज्या नकाशावरून प्रत्यक्ष अंतरे काढावयाची आहेत, तो पॉलिएस्टर फिल्मवर घेणे इष्ट. ती महाग पडते, पण फारशी फुगत वा आकसत नाही.

मागणीपत्र लिहिताना

त्या प्रदर्शनानंतर माझ्या कार्यालयातून जाणाऱ्या मागणीपत्राची भाषा बदलली. ‘मोठ्या आकारात’ या शब्दांऐवजी आता आम्ही ‘ए-१, प्रत्यक्ष मापात, आकार न बदलता’ असे लिहितो. कागद किती जीएसएमचा, कोटेड की साधा, शाई पिगमेंटची की डायची, फाइल पीडीएफ व फॉन्ट अंतर्भूत, हे त्याच परिच्छेदात येते. जेम या शासकीय ई-बाजारपेठेवरून यंत्र घेताना डीपीआयच्या जोडीस लाइन ॲक्युरसी, एचपीजीएलची सोय, स्मृती आणि प्रिंटहेडची वेगळी हमी आहे किंवा नाही, हे विचारले जाते. शाईच्या एका संचाची किंमत व त्यातील मिलिलिटर यांचा भागाकार करून पाहण्याची सवय लेखा शाखेने लावून घेतली आहे. स्वस्त यंत्राची शाई बहुधा लहान बाटलीत येते, हे त्यातून उघड झाले.

याशिवाय प्रत्येक नकाशाच्या समासात आम्ही दोन बारीक रेघा छापतो, एक आडवी व एक उभी, प्रत्येकी बरोबर दहा सेंटिमीटर लांबीची. प्रत आली की शिपाई ती घेऊन येतो, मेजाच्या खणातून पट्टी निघते आणि दोन्ही रेघा मोजल्या जातात. एखादी ९.७ भरली तर प्रत परत जाते. पुढील वर्षीच्या प्रदर्शनात त्याच गावाचा नवा नकाशा लावला होता. ते वृद्ध गृहस्थ आले नाहीत, त्यांचा नातू आला होता. पट्टी त्याने सोबत आणली होती.